बधिर हाताची आग समजून घेणारा डॉक्टर

पक्षाघाताचा झटका येऊन गेला की घरातल्यांचे सगळे लक्ष हालचालीवर असते. हात उचलता येतो का, पाऊल टाकता येते का, बोलणे स्पष्ट झाले का, याची रोज विचारपूस होते. हळूहळू हात हलू लागतो, माणूस काठी टेकत चालू लागतो आणि मोठे संकट टळले असे सगळ्यांना वाटते. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र नेमक्या याच टप्प्यावर दुसरे दुखणे सुरू होते. ज्या बाजूवरून वारे गेले, त्या बाजूला मुंग्या येतात, आग होते, बर्फात हात धरल्यासारखे वाटते. अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. हाताला बाहेरून पाहिले तर ना सूज, ना लाली, ना जखम. तपासताना तर हा हात बधिर असल्याचे दिसते. मग बधिर हात दुखतो कसा, हा प्रश्न घरच्यांना पडतो आणि रुग्ण मनाचे काहीतरी घेऊन बसला आहे, असा समज होतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी डॉक्टरांची अवस्था याहून फार वेगळी नव्हती. या वेदनेमागचे मेंदूचे कामकाज उलगडण्याचा पहिला मोठा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत लंडनचे मज्जासंस्थातज्ज्ञ सर हेन्री हेड यांचे नाव पुढे आहे. स्पर्श आणि वेदना यांचा शोध घेण्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताची नस कापून घेतली, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पण पक्षाघाताच्या रुग्णांसाठी त्यांनी केलेले काम त्याहून महत्त्वाचे आहे.

शिकण्याची हौस

हेन्री हेड यांचा जन्म ४ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन भागात झाला. अकरा भावंडांत ते थोरले. वडील लॉइड्स या विमाबाजारात काम करत. घर सुस्थितीतले आणि क्वेकर पंथाच्या वळणाचे होते. शालेय शिक्षण चार्टरहाउस या नामांकित शाळेत झाले. तिथेच त्यांना जीवशास्त्राची गोडी लागली आणि डॉक्टर होण्याचे त्यांनी लवकरच ठरवले.

पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकून ते युरोपात गेले. प्रागमध्ये एवाल्ड हेरिंग या नामवंत शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांनी श्वसनक्रियेवर काम केले. हेरिंग हे माणसाला रंग कसे दिसतात, संवेदना कशा होतात, याचेही मोठे अभ्यासक होते. संवेदना ही मोजता येणारी, प्रयोगाने तपासता येणारी गोष्ट आहे, हा धडा हेड यांना तिथे मिळाला. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षण पुरे केले आणि लंडन हॉस्पिटलमध्ये नोकरी धरली.

हे रुग्णालय शहराच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपलमध्ये होते. गोदीत राबणारे मजूर, कारखान्यांतले कामगार आणि पूर्व युरोपातून आलेली गरीब ज्यू कुटुंबे तिथे उपचाराला येत. हेड उत्साही, बोलके आणि शिकवण्यात रमणारे होते. एखादा आजार समजावून सांगताना ते त्या रुग्णाची चाल, हातांची थरथर, चेहऱ्याची ठेवण स्वतः करून दाखवत. विद्यार्थ्यांना ते कायम लक्षात राहत असे.

दुखणे एकीकडे, ठणका दुसरीकडे

हेड यांचा सुरुवातीचा अभ्यास एका रोजच्या अनुभवावर होता. दुखणे असते हृदयाचे, पण कळ येते डाव्या हातात. बिघाड असतो पित्ताशयात, पण उजवा खांदा धरतो. असे का होते?

याचा माग काढण्यासाठी हेड यांनी साधी पद्धत वापरली. टाचणीच्या गोल डोक्याने ते रुग्णाची त्वचा हलके हलके दाबत जात आणि कुठे हुळहुळते ते शरीराच्या चित्रावर नोंदवत. अशा पुष्कळ नोंदी झाल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आतला प्रत्येक अवयव त्वचेवरच्या ठराविक पट्ट्याशी जोडलेला आहे. अवयवाकडून आणि त्या पट्ट्याकडून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी पोहोचतात, त्यामुळे मेंदूला दुखण्याची जागा ओळखताना गल्लत होते. या पट्ट्यांना आजही ‘हेडचे पट्टे’ म्हणतात. हे काम त्यांनी १८९३ पासून ‘ब्रेन’ या मज्जाशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

दुसरा अभ्यास नागिणीचा. नागीण उठते तेव्हा पुरळ अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे पसरते. हेड आणि ए. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी असे अनेक रुग्ण पाहिले. त्यांतल्या काहींचे निधन झाल्यावर शवविच्छेदन करून मज्जारज्जूजवळच्या कोणत्या गाठीत बिघाड होता, हे तपासले. एकेका गाठीचा त्वचेवरचा प्रदेश कोणता, याचा नकाशा त्यातून तयार झाला. १९०० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याआधीच, १८९९ मध्ये, रॉयल सोसायटीने हेड यांना सदस्यत्व दिले होते. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आत होते.

स्वतःच्या हातावर प्रयोग

रुग्णालयात कामगारांच्या हातांना झालेल्या जखमा नेहमी येत. काचेने किंवा यंत्राने नस तुटली की हाताचा काही भाग बधिर होई. नस शिवल्यावर संवेदना परत येई, पण ती एकदम येत नसे आणि पहिल्यासारखीही येत नसे. ती कोणत्या क्रमाने येते, हे हेड यांना जाणून घ्यायचे होते. अडचण अशी, की दिवसभर काम करून थकलेला मजूर तासन्‌तास टाचण्या टोचून घ्यायला तयार होईलच असे नाही. झालाच तरी आपल्याला नेमके काय जाणवते, याचे बारकाईने वर्णन करण्याची त्याला सवय नसते. बरे वाटले की तो येणेच बंद करतो.

म्हणून हेड यांनी स्वतःलाच रुग्ण करायचे ठरवले. २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांच्या डाव्या हातावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. कोपराजवळ त्वचेच्या संवेदना वाहून नेणाऱ्या दोन नसा कापून त्यांची टोके रेशमी धाग्याने पुन्हा जोडण्यात आली. हाताची ताकद शाबूत राहिली, पण मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूची आणि हाताच्या पाठीमागची बरीचशी त्वचा बधिर झाली.

पुढची सुमारे चार वर्षे तपासण्या चालल्या. तपासणारे होते त्यांचे मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. ते डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्राचेही अभ्यासक होते. या प्रयोगाच्या थोडेच आधी ते निलगिरीच्या डोंगरात राहून तिथल्या तोडा लोकांचा अभ्यास करून आले होते. रिव्हर्स केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात राहत. हेड लंडनचे काम आटोपून त्यांच्याकडे जात आणि डोळे मिटून हात पुढे करून बसत. रिव्हर्स कापसाच्या बोळ्याने, केसांनी, टाचणीने, गरम आणि गार पाण्याच्या नळ्यांनी त्या हाताला स्पर्श करत आणि हेड जे जाणवेल ते सांगत. अपेक्षेमुळे उत्तर बदलू नये म्हणून मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, असा नियम होता. प्रवासाने शीण आलेला असेल त्या दिवशी उत्तरे भरवशाची नसतात, हेही त्यांनी नोंदवले.

सुरुवातीला त्वचेला काहीच कळत नव्हते. जोराने दाबले तर मात्र दाब कळत होता, कारण स्नायू आणि सांध्यांकडून येणाऱ्या नसा शाबूत होत्या. काही आठवड्यांनी पहिली परतली ती वेदना. पण ती विचित्र होती. टाचणी टोचली की साधी टोचणी न जाणवता अंगावर काटा आणणारी, पसरत जाणारी कळ उठे. टोचलेली जागा नेमकी सांगता येत नसे. कधी टोचले मनगटाच्या वर आणि झिणझिण्या आल्या अंगठ्यात, असे होई. कापसाचा हलका स्पर्श, दोन टोकांमधले अंतर, कोमट आणि किंचित जास्त कोमट यांतला फरक या बारीक संवेदना फार उशिरा आणि हळूहळू परतल्या. त्या परतू लागल्या तसा वेदनेचा राक्षसी अवतार कमी होत गेला.

यावरून हेड यांनी मांडले, की संवेदनेच्या दोन पातळ्या असतात. एक आदिम आणि ढोबळ. तिला त्यांनी प्रोटोपॅथिक म्हटले. दुसरी सूक्ष्म आणि नेमकी, ती एपिक्रिटिक. दुसरी जागेवर असेल तेव्हा पहिलीवर तिचा लगाम राहतो. या प्रयोगाचा मोठा अहवाल १९०८ मध्ये ‘ब्रेन’मध्ये आला.

या काळात त्यांचे लग्नही झाले. रूथ मेह्यू या ब्रायटनच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अनेक वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर १९०४ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. साहित्याची आवड हा दोघांना जोडणारा धागा होता. रूथ यांनी पुढे कादंबऱ्या लिहिल्या आणि हेड यांनी कविता.

मेंदूतला बिघाड, हातातली आग

हेड आपल्या हाताच्या नोंदी करत होते तेव्हा पॅरिसमध्ये जूल देजेरीन आणि गुस्ताव्ह रूसी हे दोन डॉक्टर पक्षाघाताच्या काही रुग्णांचा अभ्यास करत होते. या रुग्णांचा लुळेपणा फारसा नव्हता आणि तो ओसरतही असे. पण शरीराच्या त्या अर्ध्या भागाची संवेदना बिघडलेली राहत असे आणि तिथे असह्य, न थांबणाऱ्या वेदना होत. वेदनाशामक औषधांचा उपयोग होत नसे. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा थॅलॅमस या भागात बिघाड सापडला. १९०६ मध्ये त्यांनी या लक्षणसमूहाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला देजेरीन-रूसी यांचे नाव मिळाले.

थॅलॅमस हे मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेले संवेदनांचे जंक्शन. डाव्या आणि उजव्या बाजूला असे दोन भाग असतात. वास सोडला तर शरीराकडून येणारी जवळपास प्रत्येक संवेदना इथे थांबून पुढे मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, म्हणजे कॉर्टेक्सकडे जाते. या जंक्शनमध्ये रक्तपुरवठा बंद पडला किंवा रक्तस्राव झाला तर संवेदना कमी व्हायला हवी. मग वेदना वाढते का?

हा प्रश्न हेड यांनी आयरिश सहकारी गॉर्डन होम्स यांच्याबरोबर हाती घेतला. होम्स अत्यंत काटेकोर निरीक्षक म्हणून ओळखले जात. दोघांनी मेंदूच्या निरनिराळ्या भागांत बिघाड झालेल्या रुग्णांची संवेदना महिनोन्‌महिने तपासली. स्पर्श, दाब, उष्णता, थंडी, कंपन, गुदगुली, वजन, आकार, हाताची स्थिती अशा एकेका गोष्टीसाठी वेगळी चाचणी होती आणि प्रत्येक चाचणी शरीराच्या दोन्ही बाजूंना केली जाई. १९११ मध्ये ‘ब्रेन’मध्ये छापून आलेला त्यांचा लेख दीडशेहून अधिक पानांचा आहे.

त्यात एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. थॅलॅमसमधल्या बिघाडाच्या रुग्णांची दुखणी बाजू अधिक संवेदनशील झालेली नव्हती. टाचणी कळण्यासाठी निरोगी बाजूइतकाच, कधी त्याहून जास्त दाब द्यावा लागे. पण एकदा ती कळली की प्रतिक्रिया प्रचंड येई. रुग्ण कळवळून हात मागे घेई, चेहरा वेडावाकडा होई. टाचणी निरोगी बाजूपेक्षा जास्त टोकदार आहे असे मात्र तो म्हणत नसे. ती जास्त असह्य आहे, एवढेच सांगे. बधिर असलेला हातच जास्त का दुखतो, या कोड्याचा पहिला पुरावा इथे मिळाला. कमी कळणे आणि जास्त दुखणे या दोन गोष्टी एकाच हातात एकाच वेळी असू शकतात.

दुसरी गोष्ट आणखी नवल वाटावी अशी होती. वाढलेली प्रतिक्रिया केवळ वेदनेपुरती नव्हती. काही रुग्णांना दुखऱ्या बाजूला कोमट उबेचा स्पर्श निरोगी बाजूपेक्षा कितीतरी जास्त सुखद वाटे. मनातल्या भावनांचाही परिणाम त्या अर्ध्या अंगावर होई. एका रुग्णाला प्रार्थनागृहात जाणे सोडावे लागले, कारण भजने सुरू झाली की ती त्याला दुखऱ्या बाजूला सहन होत नसत. गाणे चालू असताना तो तो हात सारखा चोळत असतो, हे त्याच्या मुलाने पाहिले होते. दुसरा एक रुग्ण राजा सातवा एडवर्ड यांच्या निधनानंतरच्या प्रार्थनासभेला गेला होता. गायन सुरू होताच त्याच्या दुखऱ्या बाजूला भयंकर काहीतरी होऊ लागले, पाय आखडला आणि थरथरू लागला. एका सुशिक्षित रुग्णाने सांगितले, की आजारानंतर आपला उजवा हात सतत कुणाच्या तरी मायेच्या स्पर्शासाठी आसुसलेला असतो.

अशी वर्णने ऐकून त्या काळचे अनेक डॉक्टर मान हलवून पुढे गेले असते. हिस्टेरिया हा शब्द तेव्हा सहज वापरला जाई. हेड आणि होम्स यांनी ही वर्णने नोंदवली, त्यांची मोजमापांशी तुलना केली आणि त्यांतून मेंदूच्या रचनेबद्दल निष्कर्ष काढला.

लगाम सुटलेला घोडा

त्यांचे स्पष्टीकरण थोडक्यात असे. संवेदनेतला सुखदुःखाचा भाग, म्हणजे हे बरे वाटते की नकोसे, हे ठरवण्याचे काम थॅलॅमसच्या पातळीवर होते. नेमके कुठे, किती, कसे, आधीपेक्षा वेगळे काय, ही मोजदाद कॉर्टेक्स करतो. एरवी कॉर्टेक्सचा थॅलॅमसवर अंकुश असतो. बिघाडामुळे हा अंकुश पोहोचेनासा झाला की साधा स्पर्शही मोठी वेदना होऊन बसतो. स्वतःच्या हातावर पाहिलेलेच सूत्र हेड यांना इथे मेंदूच्या पातळीवर दिसले. सूक्ष्म संवेदनेचा लगाम गेला की ढोबळ संवेदना उधळते.

याच लेखात त्यांनी आणखी एक कल्पना मांडली. आपले शरीर या क्षणी कोणत्या स्थितीत आहे, याचा एक आराखडा मेंदू सतत बनवत आणि बदलत असतो. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळते ते त्यामुळे. पक्षाघातात हा आराखडा बिघडला तर रुग्णाचा हात दुसऱ्याने उचलून बाजूला ठेवला तरी त्याला तो आधीच्याच जागी वाटतो. त्यांच्या एका रुग्णाचा पाय पूर्वीच कापलेला होता. पाय नसूनही तो आहे आणि हलतो आहे, असा भास त्याला होत असे. नंतर त्याला पक्षाघात झाला आणि शरीराच्या स्थितीची जाणीव गेली. त्याबरोबर तो भासाचा पायही नाहीसा झाला. हात आपला वाटत नाही, लाकडाचा वाटतो, फार मोठा किंवा जड झाल्यासारखा वाटतो, अशा तक्रारींना या कल्पनेमुळे शास्त्रीय आधार मिळाला.

हेड यांचे सगळेच टिकले असे नाही. विल्फ्रेड ट्रॉटर आणि ह्यू मॉरिस्टन डेव्हिस या लंडनच्याच दोन शल्यविशारदांनी स्वतःच्या नसा कापून घेऊन तोच प्रयोग करून पाहिला. १९०९ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना त्वचेत हेड म्हणतात तशा दोन स्वतंत्र यंत्रणा आढळल्या नाहीत. नंतरच्या संशोधनानेही हेड यांची ती विभागणी जशीच्या तशी मान्य केली नाही. थॅलॅमसच्या बाबतीतही चित्र आता बदलले आहे. अशी वेदना केवळ थॅलॅमसच्या बिघाडाने होत नाही. वेदना आणि तापमान वाहून नेणाऱ्या मार्गावर मेंदूच्या देठापासून कॉर्टेक्सपर्यंत कुठेही इजा झाली तरी ती होऊ शकते. म्हणून आज तिला पक्षाघातानंतरची केंद्रीय वेदना म्हणतात. पण वेदनेवर लगाम ठेवणारी यंत्रणा मेंदूतच असते आणि ती सैल पडली की वेदना वाढते, ही हेड आणि होम्स यांची मूळ कल्पना संशोधक आजही विचारात घेतात.

युद्ध आणि अखेरची वर्षे

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि डोक्याला गोळी लागलेले तरुण सैनिक रुग्णालयांत येऊ लागले. हेड यांनी त्यांच्या वाचादोषाचा अभ्यास केला. शब्द आठवत नाहीत, वाचता येत नाही, समोरची वस्तू ओळखते पण नाव सांगता येत नाही, अशा रुग्णांसाठी त्यांनी चाचण्या तयार केल्या. हे काम १९२६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. मित्र रिव्हर्स या काळात युद्धाच्या धक्क्याने खचलेल्या सैनिकांवर उपचार करत होते. कवी सीगफ्रीड ससून हे त्यांचेच रुग्ण. १९२२ मध्ये रिव्हर्स यांचे अचानक निधन झाले आणि हेड यांनी जिवलग सहकारी गमावला. ससून यांच्याशी हेड दांपत्याचा स्नेह मात्र टिकून राहिला.

तोवर हेड यांना स्वतःच्या शरीरात बदल जाणवू लागले होते. त्यांना पार्किन्सनचा आजार जडला होता. त्या काळी त्यावर परिणामकारक औषध नव्हते. आयुष्यभर इतरांच्या हातापायांची थरथर आणि चाल करून दाखवणाऱ्या या डॉक्टरला काम सोडून लंडनबाहेर राहायला जावे लागले. १९२७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला तेव्हा आजार बराच पुढे गेला होता. पुढे हालचाल जवळपास थांबली, तरी बुद्धी तल्लख होती. रूथ यांनी त्यांची सगळी शुश्रूषा केली. त्यांना मूलबाळ नव्हते. १९३९ मध्ये रूथ गेल्या आणि ८ ऑक्टोबर १९४० रोजी रेडिंगजवळच्या घरी हेड यांचे निधन झाले. ते ७९ वर्षांचे होते.

आजच्या रुग्णासाठी

पक्षाघात झालेल्या प्रत्येकाला केंद्रीय वेदना होत नाही. ती थोड्या जणांनाच होते. अनेकदा ती झटक्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होते, त्यामुळे तिचा पक्षाघाताशी संबंध लवकर लक्षात येत नाही. आग होणे, टोचणे, चमका, बर्फासारखा गारठा, मुंग्या, कपड्याचा किंवा वाऱ्याचा स्पर्श असह्य होणे ही तिची लक्षणे. थंडीने आणि मानसिक ताणाने ती वाढू शकते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा सहसा उपयोग होत नाही. नसांच्या वेदनेसाठीची वेगळी औषधे असतात. त्यांत मूळची नैराश्यावरची आणि फिट्सवरची काही औषधेही येतात. ती थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवावी लागतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत आणि मनाने बंदही करू नयेत. दुखणे पूर्ण गेले नाही तरी झोप लागण्याइतके आणि व्यायाम करता येण्याइतके कमी होणे, हेही मोठे यश असते.

दुखऱ्या बाजूची प्रत्येक वेदना केंद्रीय नसते. खांदा निखळल्यासारखा सैल होणे, सांधा आखडणे, स्नायू ताठरणे, मधुमेहामुळे नसांना इजा होणे यांचे उपाय वेगळे असतात. म्हणून कुठे, कधी, कसे दुखते याची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवलेली बरी. बधिर हाताला भाजल्याचे कळत नाही. आंघोळीच्या पाण्याचा अंदाज नेहमी चांगल्या हाताने घ्यावा आणि शेकायची पिशवी जपून वापरावी. आणि शरीराच्या एका बाजूला अचानक नवा बधिरपणा किंवा मुंग्या आल्या, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तो नवा झटका असू शकतो.

घरच्यांनी करायची गोष्ट याहून सोपी आहे. भजनाच्या आवाजाने हात दुखतो असे सांगणाऱ्या रुग्णाचे म्हणणे हेन्री हेड यांनी खरे मानले आणि लिहून घेतले. चादर टोचते, हात जळतो असे घरातले कुणी म्हणत असेल, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवायला हवा. उपचाराची सुरुवात तिथून होते.